खिळेकाका आणि तिवरांची बातमी

खिळेकाका वर्तमानपत्र उलटं धरून वाचायचे. पत्राचं नाव खाली, पानाची शेवटची ओळ वर. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, म्हाताऱ्याला वाचता येत नाही आणि चारचौघांत मिरवायला कागद घेऊन बसलाय. मी नुकतीच त्या गावच्या शाळेत रुजू झाले होते, आणि नव्या मास्तरणीत असतो तेवढा आगाऊपणा माझ्यातही होता. म्हटलं, "काका, पेपर उलटा धरलाय तुम्ही." त्यांनी मान वर केली नाही. तिसऱ्या रकान्यातली बातमी घडाघडा वाचून दाखवली आणि म्हणाले, "बाई, सुलटो धरलो तर माका चूक दिसणा नाय."

त्यांनी वीसेक वर्षं मुंबईच्या एका दैनिकात कंपोझिटर म्हणून काढली होती. शिशाची अक्षरं एकेक उचलून ओळ जुळवायची, आणि जुळवलेली ओळ उलटीच वाचायची. त्या अक्षरांना छापखान्यात खिळे म्हणतात, म्हणून गावानं त्यांना खिळेकाका केलं. नजर अधू झाली तसे ते बोटीनं मालवणला उतरले आणि काकींसह वडिलांच्या घरी येऊन राहिले. चष्म्याची भिंगं बाटलीच्या बुडाएवढी जाड. छापलेलं तेवढं नाकाला लावून वाचता येई. हातचं लिहिलेलं त्यांच्या लेखी कोरा कागद. म्हणून मग लिहायचं काम माझ्याकडे आलं.

आमचं गाव मसुऱ्याच्या बाजूचं, खाडीच्या काठावर. तेव्हा आमचा जिल्हा रत्नागिरीच. खाडी आणि भातशेती यांच्यामध्ये मातीचा बांध, आणि बांधाच्या पुढे चिखलात पाय रोवून उभी असलेली तिवरांची झाडी. त्या झाडीत बायका कुर्ल्या पकडत, कालवं काढत. तिवरं आहेत म्हणून भरतीचं पाणी बांधाला धडक देत नाही, हे गावात कुणी कुणाला शिकवलं नव्हतं. सगळ्यांना माहीतच होतं. मग एक परगावचा ठेकेदार परवाना घेऊन आला. चुन्याच्या भट्ट्यांना जळण हवं होतं. पंधरा दिवसांत वरच्या अंगाचा काठ उघडा पडला, आणि पुढच्याच मोठ्या भरतीला तिथला बांध फुटून खारं पाणी शेतात शिरलं.

गावकऱ्यांनी देवळात बसून 'तिवर राखण मंडळ' काढलं. दाजी अध्यक्ष. दाजी म्हणजे गावातलं वजनदार माणूस, खिळेकाकांचे लहानपणचे सोबती. वरच्या कचेऱ्यांत अर्ज गेले, उत्तर आलं नाही. तेव्हा दाजींनी वर्तमानपत्राला सात पानी पत्र लिहिलं. तेही छापून आलं नाही. दाजी तणतणत ते पत्र घेऊन काकांच्या ओसरीवर आले. मी ते वाचून दाखवलं. काकांनी डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं.

"दाजी," ते म्हणाले, "परशुरामान बाण मारलो थयसून तू सुरवात केलंस. ठेकेदार इलो तो सातव्या पानार. ह्या जुळवता जुळवता माजे डोळे धा वर्सां आदी गेले असते."

"मगे तूच लिव."

"लिवतंय. पण पयल्या वळीत माणूस होयो. झाड मागसून येव दी."

आणि त्यांनी मला थेट पारूवयनीच्या शेतात नेलं. पारूवयनी विधवा बाई. फुटलेल्या बांधाला लागून तिचा एकच तुकडा होता. काका म्हणाले, "गो पारू, काय झाला ता बाईंका सांग." तिनं खाली वाकून चिमूटभर माती उचलली, माझ्या तळहातावर ठेवली आणि म्हणाली, "चाटून बघा." मी जिभेला लावली. मिठागरातली असावी तशी माती.

परतल्यावर काकांनी पत्र सांगितलं: 'यंदा पार्वतीबाईंच्या शेतात भाताऐवजी मीठ पिकले.' पुढे बांध, मग तिवरं, मग परवाना, शेवटी एक साधा प्रश्न. मी मध्ये 'निसर्गाच्या मांडीवर वसलेले आमचे रमणीय गाव' असं घालून पाहिलं. "ह्या काढा," ते म्हणाले. "कापूचाच झाला तर थयसरचे कापतले. आमीच आदी कापलेला बरा." काकांची बोटं मांडीवर हलत होती; ओळी मोजत होते. अकरा ओळी झाल्यावर म्हणाले, "पुरे. अकरा वळींची भोकां रोज पडतत पानात."

पेपर कणकवलीवरून एस.टी.नं कट्टा गावी यायचा आणि तिथून टपालवाल्याबरोबर आमच्याकडे, दोन दिवस शिळा. त्यात आमच्या अकरा ओळी होत्या. पारूवयनीला वाचता येत नव्हतं. तिनं आपलं नाव कुठं आहे ते मला बोटानं दाखवायला लावलं, आणि कितीतरी वेळ त्या जागेवरून अंगठा फिरवत राहिली.

मंडळानं काकांना चिटणीस केलं आणि त्यानंतर दर महिन्याला पत्र जाऊ लागलं. काकांचे त्यातले नेम पक्के होते. पत्र छापून आलं की दुसऱ्याच दिवशी त्या कचेरीला आभाराचं कार्ड. "तेंका सगळे शिवयांचीच पत्रां धाडतत. कोण बरा म्हणता तेका ते ईसरनत नाय." आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेच्या आठवड्यात मात्र पत्र धाडायचं नाही. आपल्या भागातली बातमी म्हटली की त्या आठवड्यात जत्राच छापतात. "भराडीदेवीवांगडा जागेसाठी भांडाचा नाय," असं म्हणून ते हात जोडत. पत्रांचा उपयोग झाला. एक अधिकारी येऊन पाहून गेला, तोड थांबली. पण दोन महिन्यांनी खालच्या अंगाला पुन्हा कुऱ्हाडी वाजू लागल्या.

आणि तेव्हाच माझ्या हातून ती चूक झाली.

देवळाच्या जागेतली तिवरं तोडलेली दिसली, असं दोघीतिघी शाळेत येऊन सांगून गेल्या. माझं डोकं भडकलं. काकांनी त्या दिवशीचं पत्र सांगून संपवलं होतं. मी घरी पक्की प्रत करताना शेवटी आपल्या मनानं एक वाक्य घातलं: 'ठेकेदाराच्या माणसांनी आता देवस्थानच्या जागेवरही कुऱ्हाड चालवली आहे.' काकांना हातचं वाचता येत नव्हतं. मी बोट ठेवलं तिथं त्यांनी सही केली.

पत्र छापून आलं. मी शाळा सुटल्यावर त्यांच्याकडे गेले तेव्हा पेपर त्यांच्या मांडीवर होता.

"ह्या वाक्य खंयचा?"

मी सांगितलं.

"कोणी बघल्यान?"

"सगळेच म्हणतायत, काका."

"सगळे म्हंजे कोण? एक नाव सांगा."

तोडलेले बुंधे पाहिलेल्या बायका होत्या, तोडणारा पाहिलेली एकही नव्हती. काकांनी काठी घेतली आणि मला घेऊन देवळाच्या अंगाला गेले. चिखलात बसून एकेक बुंधा हातानं चाचपला. ठेकेदाराची माणसं झाड बुडातून कुऱ्हाडीनं तोडत. हे कोयत्यानं कमरेएवढ्यावर तोडलेले होते. काका उठले, "नवे खांब गावात एकाच अंगणात उभे रवतत," म्हणाले, आणि सरळ दाजींच्या घरी आले. अंगणात गुरांचा मांगर नव्यानं उभा राहत होता. काकांनी त्याच्या खांबांवरून हात फिरवला.

दाजी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आले आणि आम्हाला बघून तिथंच थांबले. "चारच खांब व्हये होते रे," ते म्हणाले. "देवाक इचारून तोडलंय."

"पेपरात ठेकेदाराचा नाव गेला, दाजी."

"जांव दी. तो काय कमी पापी आसा? एक वाक्य जास्ती झाला तर काय बिघाडला?"

"उद्या तो ता एकच वाक्य धरतलो, आणि बाकीची सगळी खोटी ठरवतलो," काका म्हणाले. "पारूच्या शेतातला मीठसुद्दा."

ओसरीवर येऊन त्यांनी मला कागद घ्यायला लावला. 'आमच्या गेल्या पत्रातील एक वाक्य खोटे होते. देवस्थानच्या जागेतील तिवरे ठेकेदाराने नव्हे, आमच्याच मंडळाच्या एका सभासदाने तोडली. न तपासता लिहिले, हा दोष माझा आहे.'

मी टाक खाली ठेवला. "काका, दोष माझा आहे. माझं नाव घाला."

"मी सांगतंय ता लिवा."

"पण काका..."

"सही कोणाची होती?" ते म्हणाले. "लिवा, बाई."

मी लिहिलं. तेवढं वाईट अक्षर मी आयुष्यात कधी काढलं नाही.

तो खुलासा छापून आला आणि गाव काकांवर उलटलं. ठेकेदाराच्या माणसांनी ते कात्रण मुकादमाच्या खोपीवर चिकटवून ठेवलं. मंडळानं काकांना चिटणीसपदावरून काढलं. दाजी वाटेत दिसले की तोंड फिरवून जात. सगळ्यांत जिव्हारी लागलं ते पारूवयनीचं बोलणं. ती ओसरीच्या पायरीशी उभी राहिली, आत आली नाही. "काकानू," ती म्हणाली, "फुटललो बांध आमी बांधूक घेतललो. तुमी तो परत फोडलास."   मी बोलायला हवं होतं. लोकल बोर्डाची नोकरी, घरी माझ्या पगारावर डोळे लावून बसलेली आई, आणि मंडळाच्या पत्रांना माझा हात लागतो हे वर कळलं तर काय होईल याची भीती. अशी कारणं मी रोज स्वतःला सांगत होते. त्यातलं एकही खोटं नव्हतं, आणि एकही पुरेसं नव्हतं.

महिनाभरानं कार्ड आलं. दैनिकाच्या कचेरीतून होतं. दुसऱ्यावर आरोप करणारी पत्रं रोज ढिगानं येतात. स्वतःची चूक आपण होऊन कळवणारं गाव आम्हाला प्रथमच भेटलं, तेव्हा आमचा बातमीदार पाठवत आहोत, कधी यावं ते कळवा, असा मजकूर होता. मी तो दोनदा वाचला. काका म्हणाले, "पुनवेच्या भरतीक येवा म्हणान लिवा."

मंडळ एकदम जागं झालं. हार आले, देवळात सतरंज्या पसरल्या, दाजींनी भाषणाची तयारी केली. काकांना कुणी विचारलं नव्हतं; तरी ते काठी टेकत एस.टी. थांबायची तिथं जाऊन उभे राहिले. बातमीदार कोवळा पोरगा होता, पायांत चकचकीत बूट. काका त्याला म्हणाले, "पाव्हण्यानू, बूट काढा. भाषणां मागसून. भरती कोणासाठी रवाची नाय."

त्याला गुडघाभर चिखलातून आधी खालच्या अंगाला नेलं. तिथं अजून तिवरं उभी होती. पाणी मुळांतून चाळलं जात हळूहळू वर चढत होतं, बांध कोरडा होता. मग उघड्या पडलेल्या काठाला नेलं. त्याच भरतीचं पाणी तिथं बांधावरून शेतात ओसंडत होतं.  पारूवयनी कमरेला पदर खोचून उभी होती, तिला काकांनी पुढे केलं. ती बोलली, मालवणीतच बोलली, आणि पोरगा भराभर लिहीत राहिला. परतताना काकांनी त्याला ठेकेदाराच्या मुकादमाच्या खोपीकडे वळवलं. दाजी ओरडले, "थय कित्याक?"

"तेचाय ऐकांदे. तेचा ऐकल्यान नाय, तर आमचा खरा कोण मानतलो?"

फोटो काढायची वेळ आली तेव्हा बातमीदारानं काकांना उभं राहायला सांगितलं. ते बाजूला झाले. "माका बघून कोणाक भरती समाजतली? पारूचो काढा, बांधार."

तो फोटो आला, अर्धं पान मजकूर आला. पाहणी झाली, आणि ठेकेदाराच्या परवान्याची मुदत संपली तेव्हा ती वाढवून मिळाली नाही. खालच्या अंगाची झाडी वाचली. वरचा काठ मात्र गेला तो गेलाच; तिथं रोपं लावून वाट बघत बसावं लागलं, आणि पारूवयनीची माती गोडी व्हायला तीन पावसाळे जावे लागले. मंडळानं काकांना पुन्हा चिटणीस केलं. दाजी बैठकीत त्यांच्या शेजारी बसत, पण त्यांच्याशी बोलत नसत.

पुढे माझी बदली कणकवलीला झाली. निघताना काका म्हणाले, "आता लिवन कोण देतलो माका?" एवढंच. हसत म्हणाले. मी दर सुट्टीत जात राहिले. नजर पुरती गेल्यावरही ते मला पेपर मोठ्यानं वाचायला लावत, आणि एखाद्या लांबलचक बातमीच्या मध्येच हात वर करून म्हणत, "हयसर कापूक होया होता."

काका गेल्याचं कळलं तेव्हा मला लगेच निघता आलं नाही. पोचले ती बाराव्याच्या दुसऱ्या दिवशी. काकींना भेटून दाजींकडे गेले. इतकी वर्षं पोटात ठेवलेलं त्यांना एका दमात सांगून टाकलं: ते वाक्य माझं होतं, काकांचं नव्हे.

दाजींनी अंगणातल्या मांगराकडे पाहिलं. "माका ठावक आसा," ते म्हणाले.

"कधीपासून?"

"त्याच दिसापासून. तुमी पत्र लिवन गेलास, आणि तो माज्याकडे इलो. म्हणालो, दाजी, तुजा नाव मी छापूक नाय. आता तू बाईंचा नाव खंय काढू नको. नोकरी आसा तेंची."

"मग तुम्ही त्यांच्याशी बोलत का नव्हता?"

दाजींनी उपरण्यानं तोंड पुसलं. "बोलाक लागलंय असतंय तर ता तोंडातसून भायर पडला असता, बाई. म्हणान गप रवलंय. मगे तीच सवय झाली."

संध्याकाळी देवळात बायका जमल्या होत्या. त्यांच्यात पारूवयनी होती, आता केस पांढरे झालेली. मी उभी राहिले आणि सगळ्यांसमोर सगळं सांगितलं.   पारूवयनीनं माझ्याकडे पाहिलं, "काकांका मी त्या दिवशी..." एवढंच तिला म्हणता आलं. मग ती जरा सरकली आणि आपल्या शेजारी पायरीवर तिनं मला जागा करून दिली.