वॉकी बंद ठेवा म्हटलं होतं

मरोळच्या लॅबमध्ये माझं काम म्हणजे इग्नायटरला छळणं. सिनेमात गोळी लागली की शर्टातून रक्त उडतं ना, त्यामागे विजेवर पेटणारी इवलीशी फटाकी असते, तोच हा इग्नायटर. तिला पेटीत बंद करायचं, रेडिओ लहरींचा जोर हळूहळू वाढवायचा आणि बटण न दाबता ती कधी उडते ते बघायचं. तार लांब पसरलेली असली की अँटेनासारखी लहरी खेचते. जवळ कोणी वॉकीटॉकीवर बोललं की वाट लागलीच.

माझा नवरा शूटिंगला याच फटाक्या लावतो. स्वतःच्या बोटांनी.

नवा माल तपासला, तो भलताच हळवा निघाला. सरांनी रिपोर्टात लिहिलं, ‘वॉकी दूर ठेवा.’ वाचतंय कोण डोंबल! मी नवऱ्यालाच बजावलं, “अरे, सगळ्यांच्या वॉकी बंद करायला लाव. नाही केल्या तर तारेला हात लावू नको.”

त्याने ऐकलं. मढच्या बंगल्यात शूटिंग होतं, तिथे त्याने तसं सांगितलं. प्रोडक्शनवाला हसला, “तुझ्या बायकोला विचारून पिक्चर काढायचा काय?” मेल्यांना नारळ फोडायला वेळ होता, वॉकी बंद करायला नव्हता. नवऱ्याला घरी पाठवलं आणि बोरीवलीचा दुसरा माणूस बोलावला. दोन मुलींचा बाप. संध्याकाळपर्यंत त्याची दोन बोटं गेली.

नवरा माझ्यावरच उखडला. “मी असतो तर सांभाळून लावली असती.”

“सांभाळून? लहरी काय ओळख बघून येतात?”

त्यानंतर त्याला कोणी कामाला बोलावेना. ‘कटकट्या’ म्हणून नाव झालं होतं. ज्यांच्यामुळे त्या माणसाची बोटं गेली त्यांचं काम मात्र झकास चालू. संताप संताप होतो माझा, अजूनही.

मग एक दिवस त्याच प्रोडक्शनवाल्याचा फोन आला. “ये, पण ते वॉकीचं नाटक नको.”

नवरा बूट घालायला लागला. मी विचारलं, “आणि वॉकी?”

“घर चालवायचंय ना गं?” तो म्हणाला. स्वतःचा मोबाइल बंद करून त्याने फ्रिजवर ठेवला. “निदान माझा तरी नको तिथे.”

आता शूटिंग असलं की तो मोबाइल फ्रिजवरच असतो. दिवसभर त्याला विचारायचीही सोय नाही. संध्याकाळी बेल वाजली की दार उघडून मी आधी त्याचे हात बघते. चेहरा नंतर.