गाळलेली ओळ

बेकरचा पाव कधी बिघडत नाही, अशी त्याची ख्याती होती. चर्चला जाणं त्याने नऊ वर्षांपूर्वी सोडलं होतं, हेही गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, असं मात्र कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

सोडण्याचं कारण त्याचा थोरला भाऊ. बेकरची बायको आजारपणात गेली, तेव्हा दफन आटोपून परतताना दादा चार माणसांदेखत म्हणाला होता, "घरात देवावरचा विश्वास कमी पडला." पुढच्या रविवारी बेकर अंथरुणात पडून राहिला, त्याच्या पुढच्या रविवारीही, आणि मग सवयच लागली. बोलला होता दादा, पण राग निघाला देवावर. वड्याचं तेल वांग्यावर, दुसरं काय. दादा चर्चच्या कारभारात पुढे असायचा, त्यामुळे देव आणि दादा एकाच पक्षाचे आहेत अशी बेकरची पक्की समजूत झाली होती.

एक काम तेवढं त्याने सोडलं नव्हतं. महिन्याच्या पहिल्या रविवारी चर्चमध्ये मोडून सगळ्यांना तुकडा तुकडा वाटतात तो, प्रभुभोजनाला लागणारा अखंड गोल पाव वडिलांच्या वेळेपासून याच बेकरीतून जायचा. शनिवारी संध्याकाळी दादा यायचा, बेकरची लेक पाव गुंडाळून द्यायची, दादा मुकाट्याने घेऊन जायचा. भावाभावांचं बोलणं बंद होतं. लेक म्हणायची, तुमच्यापेक्षा आपली भट्टी जास्त बोलते.

बाकीचा माल यंत्रावर मळला जाई, हा एक पाव मात्र हाताने. वडील प्रभूची प्रार्थना म्हणत मळायचे. सावकाश वीस वेळा म्हटली की कणीक तयार, घड्याळ बघायला नको. दोन्ही मुलगे परातीच्या दोन बाजूंना उभे राहून असेच शिकले. आमची रोजची भाकर आज आम्हाला दे, ही ओळ आली की वडील डोळा मिचकावून म्हणत, "हे आपलं खातं." चर्च सुटल्यावर बेकरने गजराचं एक छोटं घड्याळ आणलं. चावी द्यायची, मळायचं, घंटी वाजली की थांबायचं. देवावाचून काही अडलं नाही.

अडलं ते एका शनिवारी. घड्याळ पिठाच्या पिंपात पडलं आणि बंद पडलं. लेक बाहेर गेलेली, भिंतीवरचं घड्याळ पुढच्या खोलीत, आणि याचे दोन्ही हात कोपरापर्यंत पिठात. त्याने प्रार्थना सुरू केली. केवळ मोजणी म्हणून, असं त्याने स्वतःला बजावलं. ओठांना सगळं पाठ होतं. भाकरीची ओळ गेली आणि पुढची आली, आम्ही दुसऱ्यांना क्षमा केली तशी आम्हालाही कर, असं सांगणारी. तिथे जीभ अडली. माणूस हट्टी होता, पण खोटं बोलणारा नव्हता. त्याने ती ओळ गाळली आणि पुढे गेला. वीसही वेळा गाळली.

पाव भट्टीतून निघाला तो दिसायला झकास. रविवारी चर्चमध्ये पाळकांनी तो सगळ्यांसमोर उचलून मोडला, आणि त्यांच्या हातात त्याचा भुगा झाला. पांढऱ्या कापडावर चुराच चुरा. चर्चला गेलेल्या लेकीने घरी येऊन सगळं सांगितलं. बेकर ताटावरून उठला.

सोमवारी दादा नऊ वर्षांत पहिल्यांदाच मागच्या खोलीत आला. "पाव विस्कटला," तो म्हणाला.

"मळणं कमी पडलं," बेकर म्हणाला.

कमी पडलं, हे दफनाच्या दिवशीचेच शब्द दोघांनाही ऐकू आले. मग बेकरने घड्याळाचं सांगितलं, प्रार्थनेचं सांगितलं, एक ओळ गाळली तेही सांगितलं. कुठली, हे दादाने विचारलं नाही. त्याच परातीपाशी वाढलेल्या माणसाला ते विचारावं लागत नव्हतं. तो पिठाच्या पोत्यावर बसला. काळ्या पँटला पीठ लागलं, ते त्याने झटकलंही नाही.

"तेव्हा बोललो ते माझं बोलणं होतं," तो म्हणाला. "देवाचं नव्हतं. काय बोलावं सुचेना, म्हणून शहाणपणा केला. चुकलो मी."

बेकर विरघळला वगैरे नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. पुढच्या खेपेला घड्याळ दुरुस्त झालेलं असेल, काळजी नको, एवढंच तो म्हणाला. पण दादा गेल्यावर त्याला फार एकटं वाटलं. बायकोची आठवण, तिच्या जाण्याचा संताप, हे सगळं जिथे ओतता आलं असतं, तो प्रार्थनेचा दरवाजा त्याने आपल्याच हाताने लावून घेतला होता, आणि तोही दादाच्या एका वाक्यासाठी.

पुढच्या महिन्यात दुरुस्त झालेलं घड्याळ लेकीने चावी देऊन परातीशेजारी ठेवलं. बेकरने ते उचलून न्यायला सांगितलं. दादा त्या दिवशी लवकर आला होता. त्याने काही न विचारता हात धुतले, बाह्या वर केल्या आणि परातीच्या पलीकडे उभा राहिला. बेकर मोठ्याने म्हणू लागला. त्या ओळीपाशी त्याचे हात थांबले. दादाने ती पुढे सांगितली नाही, नुसता खाली बघत उभा राहिला. बेकरने त्याच्याकडे बघून ती ओळ म्हटली. मग डोळे मिटून पुन्हा म्हटली, आणि या वेळी तो दादाशी बोलत नव्हता.

बऱ्याच वेळाने लेकीने आत डोकावून विचारलं, किती वेळा झालं? दोघेही एकमेकांकडे बघत राहिले. मोजायचं कुणाच्याच लक्षात राहिलं नव्हतं.

त्यामुळे व्हायचं तेच झालं. पाव जास्त मळला गेला आणि चिवट निघाला. रविवारी पाळकांना तो मोडायला दोन्ही हातांनी ओढावा लागला. नऊ वर्षांनी चर्चमध्ये येऊन मागच्या बाकावर लेकीशेजारी बसलेल्या बेकरने मान खाली घातली. मग तुकडा त्याच्यापर्यंत आला, आणि तो त्याला बराच वेळ चावत बसावा लागला.