मतदानापर्यंतचं घर

कर्वेनगरात आम्ही दोन खोल्यांत भाड्याने राहत होतो तेव्हा देशाची प्रगती जोरात चालू होती. आमच्या दारापर्यंत ती घरमालकांच्या रूपाने आली.

‘‘आपण माणसं सज्जन आहात,’’ ते म्हणाले, ‘‘पण आयटीतली मुलं दुप्पट भाडं देतात. तेव्हा आपण दुसरीकडे बघा.’’

पुण्यात घराबाहेर काढतानाही ‘आपण’ म्हणतात.

निवडणूक तोंडावर होती. कोपऱ्यावरच्या मैदानात सत्ताधारी उमेदवाराची सभा झाली. मालक पहिल्या रांगेत. अर्थव्यवस्था कशी धावते आहे, हे उमेदवार घाम पुसत सांगत होते. माझी बायको शाळेत गणित शिकवते. मधली पायरी गाळलेली तिला खपत नाही. ती उभी राहिली.

‘‘घरांचे भाव पगाराच्या पुढे पळतायत. आम्ही राहायचं कुठे?’’

‘‘ताई, भाव वाढले म्हणजे आपल्या भागाची किंमत वाढली. आनंद माना!’’

‘‘मानला असता. पण किंमत वाढली ती घरमालकांची. आमचा इथे नुसता पत्ता आहे.’’

मैदान हसलं. मालकांनीही टाळ्या वाजवल्या. बोलणं कोणाबद्दल आहे ते त्यांना जरा उशिरा कळलं असावं.

दुसऱ्या दिवशी विरोधी उमेदवार जीप घेऊन आमच्याकडे हजर. ‘पिचलेली गृहिणी’ म्हणून बायकोने त्यांच्या व्यासपीठावर यावं, अशी विनंती.

‘‘मी नोकरी करते,’’ ती म्हणाली.

‘‘हरकत नाही, तेवढं बोलू नका.’’

तिने त्यांना चहा दिला आणि नकारही.

वरच्या गॅलरीतून मालकांना फक्त जीप दिसली होती. संध्याकाळी ते चक्क वड्या घेऊन खाली आले. ‘‘अहो, घाई काय आहे? सावकाश बघा!’’ आम्ही खुलासा केला नाही. राजकारणाचा आम्हाला झालेला तो एकमेव फायदा.

मतदान झालं. विरोधी उमेदवार सपाटून पडले. निकालाच्या दुसऱ्या सकाळी मालकांनी दार वाजवलं. ‘‘मग, बघताय ना जागा?’’

आम्ही शहराच्या हद्दीबाहेर गेलो. तिथल्या मालकांनी शेत विकून चार मजले चढवले होते. ‘‘बाई शाळंत हायेत? मग ऱ्हावा की,’’ म्हणाले. पाणी टँकरचं होतं. बायको दोन बस बदलून शाळेत जाऊ लागली. ती खट्टू होईल असं मला वाटलं होतं. पण गच्चीवर कपडे वाळत घालताना ती म्हणाली, ‘‘इथे ऊन तरी भरपूर आहे.’’

खरंच होतं. समोरची इमारत अजून उभी राहायची होती.