उकिरड्यातून वीज

“पेटला हो, पेटला!” आमचे अध्यक्ष लहान पोरासारखे ओरडले. नगरपालिकेच्या आवारात डांबराच्या रिकाम्या ड्रममध्ये गावचा कचरा धडाडून पेटला होता. मुंबईहून आलेले सेल्स इंजिनिअर टाय सावरत म्हणाले, “याच जाळावर बॉयलर, बॉयलरमधून वाफ आणि वाफेवर वीज!”

सगळ्यात जोरात टाळ्या मीच वाजवल्या. मी नवा ओव्हरसियर. चिखली-मेहकरकडच्या आमच्या गावात वीज नुकतीच आलेली, आणि आता आम्ही ती कचऱ्यातून काढणार! ‘मशीन घ्यावे’ हा रिपोर्ट मी मनातल्या मनात लिहूनही टाकला. ठराव संध्याकाळच्या मीटिंगमध्ये व्हायचा होता.

तेवढ्यात शांताबाई पुढे आल्या. नगरपालिकेचा उकिरडा त्यांच्या वस्तीला लागून होता. दर पावसाळ्यात त्याची घाण वस्तीच्या विहिरीत उतरायची. अर्ज करून बाई थकल्या होत्या. मशीन आलं की उकिरडा हलेल, या आशेनं त्या आल्या होत्या.

“साहेब, हा कचरा कुठचा जी?”

“आपल्या गावचाच,” मी म्हणालो.

“एवढ्या पऱ्हाट्या कोण फेकते? उकिरड्यावर एक काडी नाही सापडत!”

ड्रम भरणाऱ्या शिपायाला मी बाजूला घेतलं. त्यानं लगेच कबूल केलं. आठवडी बाजाराच्या मैदानातून कडबा आणि कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या निवडून त्यानं ड्रम भरला होता. वर मलाच म्हणतो, “पाहुण्यायले घाण कचरा कसा दाखवू जी? गावाची इज्जत हाय ना!”

कपाळ माझं! दुसरा ड्रम मी स्वतः उकिरड्यावरून भरला, दुपारभर उन्हात वाळवला. आगपेटी संपली, रॉकेल ओतलं. रॉकेल जळालं, कचरा नाही. मशीनवाल्यांच्या भाषेत ‘कॅलरिफिक व्हॅल्यू’ म्हणजे किलोभर कचरा जळून किती उष्णता देतो तो हिशेब. आमच्या कचऱ्यात होती फक्त राख आणि माती.

शांताबाईंनी तो हिशेब एका दमात सांगितला. “जळते ते चुलीत जाते, खाण्यासारखं ढोरं खाते. मंग मशीनले राह्यलं काय?” मग आवाज उतरला. “म्हणजे आमची विहीर तशीच राह्यली, नाही का जी?”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खाली मान घालून चालू लागलो, तर समोर कोंडवाडा. मोकाट जनावरं कोंडायची नगरपालिकेचीच जागा. आत घोटाभर शेण! अरे, हेच तर इंधन! मी अक्षरशः पळत मीटिंगमध्ये शिरलो.

“अध्यक्षसाहेब, मशीन नको. गोबरगॅस!”

“काऊन? सकाळी तर टाळ्या वाजवून राह्यले होते तुम्ही!”

“चुकलो, साहेब. कचरा न बघताच वाजवल्या.”

सभागृह हसलं, पण ठराव फिरला. प्लांट झाला. शेजारच्या दवाखान्यात पहिली निळी ज्योत लागली, इंजेक्शनच्या सुया उकळू लागल्या, तेव्हा अध्यक्षांनी मला मिठीच मारली. गॅस निघाल्यावर उरणारं पातळ शेण आम्ही उकिरड्यातल्या राखमातीत कालवलं. खत झालं. शेतकऱ्यांच्या बैलगाड्यांची रांग लागली. पावसाळ्याच्या आत उकिरड्याची जागा सपाट!

त्या पावसाळ्यानंतर शांताबाईंनी मला घरी बोलावलं. चहाला नाही. विहिरीचं पाणी तांब्याभर पुढे केलं. मी घटाघटा प्यालो, त्या बघत राहिल्या.

आजही कोणी मशीन दाखवलं, की मी आधी कचरा मागतो. आणि ड्रम स्वतःच्या हातानं भरतो.