गरम कपाटातलं कोकम

घरी केलेली बिअर मी बाबांना कोकम म्हणून सांगितली, आणि ठेवली इडलीच्या पिठाशेजारी.

बारा वर्षांपूर्वी पुण्याहून निघालो, तेव्हा टॅक्सी दारात उभी असताना बाबांनी माझी बॅग उघडून तपासली होती. जन्मभर जकात नाक्यावर ट्रक उघडलेला माणूस, मुलाची बॅग काय सोडतो! "तिकडे हवं ते कर," म्हणाले, "फक्त मला फोनवर थापा मारू नकोस." तेव्हापासून मी बेतानेच मारत आलो.

आई गेल्यावर ते तीन महिन्यांसाठी इथे परदेशी, रोटोटुना नावाच्या उपनगरात आमच्याकडे आले. आवडलं तर कायमच्या व्हिसाचे कागद भरायचे, नाहीतर पुण्यात एकटे. मला ते इथे हवे होते. म्हणून मुलगा धुतल्या तांदळासारखा दिसणं भाग होतं.

शेजारच्या ग्रॅहमनं मला बिअर करायला शिकवलं होतं. बाटलीत मोजकी साखर, वर झाकण ठोकायचं, दोन आठवडे उबेत, मग थंड गॅरेजमध्ये उभी ठेवायची. ऊब म्हणजे इथलं हॉट वॉटर कपाट. खाली गरम पाण्याची टाकी, वर टॉवेल, आणि आपल्या लोकांकडे हमखास इडलीचं पीठ. पण बाबा गॅरेजमध्ये सकाळ-संध्याकाळ फेऱ्या मारू लागले आणि बाटल्या कपाटातच अडकल्या. म्हटलं, राहू दे, पीठ फुगतं तशी हीपण छान फुगेल. साखरही मी जरा सढळच घातली होती.

चौथ्या दिवशी टॉवेल आणायला गेलेले बाबा हात हलवत परत आले.

"त्या बाटल्यांत काय आहे रे?"

"कोकम, बाबा."

"झाकण ठोकलेलं?"

"इथे असंच मिळतं."

"हं."

या 'हं'वर एकेकाळी अख्खे ट्रक रिकामे व्हायचे. तिथून पुढे ते माझ्यावर नजर ठेवून आणि मी त्यांच्यावर. रिसायकलिंगच्या बिनमध्ये काही किणकिणलं की त्यांचा पेपर खाली यायचा. ग्रॅहमनं कुंपणावरून अंगठा वर केला, तर "हा कसली खूण करतोय?"

एका रविवारी जेवताना कपाटात बार उडाला. लगेच दुसरा. दार उघडलं तर टॉवेल चिंब, पिठात काचा. माझी बायको मृणाल माझ्याकडे बघत होती, मी टाकीकडे. बाबांनी फक्त वास घेतला.

आवाजानं ग्रॅहम धावत आला. उरलेल्या थंडगार करा, जाड टॉवेलात गुंडाळून उघडा, अलगद ओता आणि तळाचा गाळ बाटलीतच ठेवा, असं त्यानं सांगितलं. संध्याकाळी बाबांच्या देखत मी पहिली उघडली आणि घाबरून गाळासकट उपडी केली. ग्लासात ताकासारखं काहीतरी उतरलं. बाबांनी ग्लास उजेडात धरला आणि खाली ठेवला.

गंमत म्हणजे मला बरं वाटत होतं. बारा वर्षं या घरात सगळं होतं, फक्त माझ्यावर असा मनापासून संशय घेणारं माणूस नव्हतं. पण आता ते राहतात की जातात, हे विचारायची हिंमत होईना.

तेवढ्यात त्यांनीच पुण्याला आत्याला फोन लावला. आवाज नेहमीसारखा, फोनशिवायही तिथपर्यंत जाईल असा. "मी इथेच राहतोय गं. बेचाळीस वर्षांचा घोडा, पण साधी बाटली लपवता येत नाही. या गाढवाच्या भरवशावर सूनबाईला कसं सोडू?"