मानेवरची पट्टी

हे आजवर कुणाला सांगितलं नाही, बायकोलाही नाही. नांदेडच्या एका खाजगी दवाखान्यात मी आयसीयूत ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स होतो. तिथं एका पेशंटच्या मानेवरची पट्टी न बदलताच मी तिच्यावर नवी तारीख टाकली.

पेशंट हदगावकडचा एसटी ड्रायव्हर. आतडं फुटलं म्हणून ऑपरेशन झालेलं. मानेतल्या मोठ्या शिरेत नळी होती, तिच्यातूनच औषधं आणि पोषणाचं सलाईन जायचं. नळी आत शिरते तिथली पट्टी दर दोन दिवसांनी बदलायची आणि वर तारीख लिहायची. त्या दुपारी पट्टीची कड सुटलेली, घामानं ओलसर झालेली. कामाचा ताण होता असं सांगता आलं असतं. पण नव्हता. निलंग्याला भाचीचा साखरपुडा होता, मला बस गाठायची होती. कड दाबली, वरून चिकटपट्टी लावली, त्या दिवसाची तारीख टाकली, वहीत ‘ड्रेसिंग केले’ लिहिलं आणि निघालो.

मधल्या पाळ्यांतल्या सिस्टरांनी तारीख बघितली अन् पट्टीला हात लावला नाही. त्यांचं काय चुकलं?

दोन दिवसांनी मी परत येऊन पट्टी सोडली, तर खालची कातडी लाल, चिकचिकीत. मी निघालो तेव्हा चहा मागणारा माणूस आता थंडीनं कुडकुडत होता. रक्ताच्या तपासणीत बुरशी निघाली, कॅन्डिडा. नळी लगेच काढली, औषध सुरू झालं. मोठे डॉक्टर म्हणाले, “पोटाचं एवढं ऑपरेशन, इतकी अँटिबायोटिक्स, त्यात नळ्या. ही बुरशी येतेच. आयसीयूत आता हे नेहमीचंच होऊन राहिलंय.” खोटं नव्हतं ते. पट्टी बदलली असती तरी ती आली असती कदाचित. त्या ‘कदाचित’वर मी इतकी वर्षं काढली.

माणूस वाचला. पण बुरशी रक्तातून उजव्या डोळ्यात गेली आणि त्या डोळ्याची नजर गेली. स्टिअरिंग सुटलं. आता डेपोत बसून काम करतो.

मी पुढं लातूरला आलो, नर्सिंगच्या मुलांना शिकवतो. “तारखेवर जाऊ नका, पट्टी डोळ्यांनी बघा,” असं दरवर्षी सांगतो. एकदा एका मुलीनं विचारलं, “सर, खोटी तारीख कोण टाकतं?” मी म्हणालो, “टाकतात काहीजण,” आणि फळा पुसायला लागलो.

त्या आजारात मी त्याच्या उशाशी रात्री काढल्या, तेव्हापासून त्यांचं-माझं येणं-जाणं राहिलं. मागच्या महिन्यात तो ड्रायव्हर आणि त्याची बायको उरलेला डोळा दाखवायला लातूरला आले, तेव्हा माझ्याकडं जेवले.

“एका डोळ्यानं ही निम्मीच दिसती,” तो म्हणाला. “लई आराम हाय.”

“आवाज तर पुरा येतो ना?” ती म्हणाली. “मग गप जेवा.”

हसलो सगळे. मग ती माझ्याकडं वळली. “डोळ्याचं काय न्हाई भाऊ, नशिबात व्हतं. तुम्ही पाठच्या भावासारखं केलं म्हणून माणूस तरी हाय.”

तेव्हाच बोलायला हवं होतं. मी तिच्या ताटात भाकरी वाढली.

नशिबात काय होतं ते मला माहीत नाही. त्या दुपारी काय झालं, ते मला माहीत आहे. ते हदगावला जाऊन, त्या दोघांसमोर बसून सांगणं माझ्याकडून अजून बाकी आहे.