आधी गोळी, मग चहा

लेक माहेरी आली आणि म्हणाली, आता मूल हवंय. मी तडक लातूरच्या दुकानातून फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या आणल्या. ती इवलीशी पिवळी गोळी तळहातावर घेतली आणि उदगीरच्या घरातली एक सकाळ समोर उभी राहिली.

दुष्काळाचं वर्ष होतं. उदगीर जिल्हा व्हावा म्हणून बाजार बंद होता, टँकरही आला नव्हता. या लेकीच्या आधीचं माझं बाळ पाठीच्या कण्यात दोष घेऊन जन्मलं आणि लगेच गेलं. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "पुढच्या वेळी दिवस राहायच्या आधीपासूनच ही गोळी सुरू करायची."

ती गोळ्यांची पट्टी सासूबाईंच्या हाती लागली.

"पोटात काय न्हाई अन् रोज गोळी? मूल होऊ नये म्हनून खायलीस का?"

त्यांना रोजची गोळी म्हणजे तीच एक ठाऊक होती. मी लपवाछपवी केली नाही. त्यांची लिंगपूजा होईस्तोवर घरात कुणी पाण्याला तोंड लावत नसे, म्हणून तेवढी थांबले. मग रांजणाच्या तळातलं घोटभर पाणी घेऊन त्यांच्यासमोर बसले.

"आत्याबाई, मूल होऊ नये म्हणून न्हाई, धडधाकट व्हावं म्हणून. पहिल्याला तुम्हीच हातात घेतलं होतं. त्याची पाठ आठवा."

त्यांच्यादेखत गोळी गिळली. दुसऱ्या दिवशी पूजा आटोपताच त्यांनीच पेला पुढं सरकवला. "आधी गोळी घे. चहा मग."

आज लेक हसते. "आई, अजून कशात काही नाही, घाई कशाला?"

मी पेला तिच्यापुढं सरकवला.

"आधी गोळी घे. चहा मग."